पलासियातून इमामबाड्याकडे

इंदुरात पाहुणे म्हणून गेलात की पलासिया टळत नाही. नाशिक-धुळ्याकडून येणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता इथूनच जातो, आणि नवीन पलासियातल्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत पाहुण्याला नेल्याशिवाय यजमानांचे समाधान होत नाही. पण पोटोबा झाल्यावर तीन-चार किलोमीटरवरच्या राजवाडा भागात जरूर जा. तिथे इमामबाडा आहे. होळकरांच्या काळापासून मोहरमला तिथे 'सरकारी ताजिया' बसतो. होळकर शिवभक्त, तरी ताजियाचा मान दरबाराचा!

आपल्या सीमाभागातल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत किंवा रायचूर जिल्ह्यातल्या मुदगलचा मोहरम आपण पाहिलेला असतो. पीराला नवस बोलणारी, पंजांपुढे ऊद जाळणारी घरे आपल्यात आहेत. मात्र त्यामुळेच एक घोटाळा होतो. ताबूत आणि उरूस म्हणजेच इस्लाम, असे आपण धरून चालतो.

मग ताजिया म्हणजे काय? हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इ.स. ६८० साली, मोहरमच्या दहाव्या दिवशी पैगंबरांचे नातू इमाम हुसेन करबलाच्या रणात मारले गेले. त्यांच्या कबरीची ही प्रतिकृती. शिया पंथीयांसाठी हे शोकाचे दिवस. सुन्नींपैकी कित्येकजण ताजियात सामील होतात, तर कित्येकांना तो धर्माचा भाग वाटत नाही. दर्ग्याबद्दलही असाच मतभेद आहे.

ज्याबद्दल मतभेद नाही त्या गोष्टी मोजक्या आहेत. अल्ला एकच आणि महंमद त्याचे पैगंबर, ही साक्ष पहिली. पैगंबर हे देव नव्हेत, त्यांची पूजा होत नाही. दुसरी, दिवसातून पाच वेळा नमाज. नमाज काबेच्या दिशेने पढतात, आपल्याकडून ती पश्चिमेला येते. काबा ही दिशा आहे, उपासना अल्लाचीच. तिसरी जकात. ठरावीक मर्यादेवरची संपत्ती वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा गरजूंना द्यायचा, म्हणजे शेकडा अडीच रुपये. चौथी, रमजानचे रोजे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. लहान मुले, आजारी माणसे आणि प्रवासी यांना सवलत आहे. पाचवी, ऐपत आणि प्रकृती असेल तर आयुष्यात एकदा हज.

घरातली मुले हमखास विचारतात, ईद दर वर्षी वेगळ्या तारखेला का? उत्तर आपल्या पंचांगातच आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. आपण अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते.

आणि काझी म्हणजे त्यांचे पुरोहित का? नाही. काझी म्हणजे मुळात न्यायाधीश. नमाजाला पुरोहित लागत नाही. ती एकट्यालाही पढता येते, जमातीत असेल तर जाणकार माणूस पुढे उभा राहतो. इंदूरच्या शहरकाझींना ईदच्या सकाळी बग्गीत बसवून सदर बाजारच्या ईदगाहवर नेण्याची प्रथा मात्र एका हिंदू कुटुंबाने कित्येक दशके जपली आहे.

हे सारे माहीत असण्याचा उपयोग काय? शेजारचे चाचा ताबुताला खांदा द्यायला आले नाहीत, तर 'हे बदलले, आपल्यापासून तुटले' असे आपण लगेच म्हणतो. वास्तविक ते त्यांच्या समजुतीप्रमाणे धर्मच पाळत असतात. उलट दर्ग्यावर चादर चढवणारा मुसलमान कमी मुसलमान ठरत नाही. गावाचा रिवाज निराळा आणि धर्माचे कर्तव्य निराळे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ गैरसमज उंबऱ्याबाहेर राहतील. आणि शंका आलीच, तर शीरखुर्मा खायला जाल तेव्हा सरळ विचारा. मराठीत विचारा, कानडीत विचारा, सांगणाऱ्याला दोन्ही येते!