राणीच्या कपाळावरचं कुंकू

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी पेटीच्या तळातून फडक्याची पुरचुंडी काढायची. चिंच लावून घासलेले कलदार पितळी ताटात मांडायची आणि एकेका रुपयावरच्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. त्यातल्या चार रुपयांना कडी डाखलेली होती. ते तिच्या सासूच्या माळेतले. अंगावर घासून घासून त्या बाईचं नाक, गाल सपाट झाले होते, मुकुटाची कडा तेवढी बोटाला लागायची. आजीला ती लक्ष्मीच. ब्रह्मपुरीच्या शाळेत इतिहास वाचला तेव्हा मला कळलं, ही तर व्हिक्टोरिया!

२१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी दिली. पुढच्या अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य राणीनं आपल्याकडे घेतल्याचा जाहीरनामा निघाला. १८६२ च्या रुपयावरून कंपनीचं नाव गेलं, आणि १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. माळ घालणारीला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिला कळत होती तोळाभर चांदी, पीक बुडालं तर सोनाराकडे नेता येईल अशी. ज्यांनी शेडमाकेंना फासावर चढवलं त्यांच्या राणीला आमच्या घरात कुंकू लागतं, हे मला पुष्कळ वर्षं सलत राहिलं. आता सलत नाही. शिक्का राणीचा असला तरी ती चांदी आमच्या बायकांनी केव्हाच आपली करून टाकली होती.

शिवाजी महाराजांच्या नाण्यावर, शिवराईवर, मात्र मुखडाच नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. स्वतःच्या राज्यात स्वतःचं नाणं पाडताना महाराजांनी नाव पुरेसं मानलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

ताटात एक पांढुरका, हलक्या किमतीचा रुपयाही असायचा. १९४७ चा. १९४० मध्येच रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती; हा तर निव्वळ निकेलचा. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालता वाघ. आजी न चुकता वाघ वर ठेवायची.

"हा आपल्या रानचा होय," म्हणायची, आणि त्यालाही कुंकू लावायची. जिथं रानात शिरण्याआधी वाघोबाला हात जोडतात, तिथं यात नवल काहीच नव्हतं.

१५ ऑगस्ट १९५० ला नवी नाणी आली. राजाच्या डोक्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. चांद्याच्या परकोटाच्या दरवाजावर गोंडराजांचा हत्तीवर चढलेला सिंह पाहत आलेल्या माणसांना सिंह काही परका नव्हता. रुपयाच्या मागच्या बाजूला ओंब्या होत्या, गव्हाच्या. आजी तो रुपया दिव्याजवळ धरून निरखायची.

"धानाचं लोंब काहून नाही टाकलं?"

मग उठून ती दाराच्या तोरणातलं हलक्या धानाचं एक लोंब तोडून आणायची आणि त्या रुपयावर आडवं ठेवायची.