एका खेपेचा ऊस आणि सिस्टिममधली यादी

ऊसदर, एकरकमी एफआरपी, काटामारी यावर सातारा-सांगलीत दर हंगामाला रान पेटतं, आणि पेटायलाच पाहिजे. आज थोडं वेगळं लिहितोय. काट्यावरचं वजन बिलाच्या कागदावर येईपर्यंत मधे काय होतं, त्याबद्दल. मी दोन्ही जिल्ह्यांतल्या संस्थांची सॉफ्टवेअरची कामं करतो, त्यामुळं हे रोज बघतो. जरा तांत्रिक आहे, पण पैशाचं आहे म्हणून वाचा.

काट्यावरचं सॉफ्टवेअर वेगळं, बिलाचं वेगळं. दोघांची भाषा जुळावी म्हणून मधे एक फाईल जाते, ती बऱ्याच ठिकाणी एक्सएमएल असते. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. 'शेतकरी' नावाचा डबा, त्यात 'खेप' नावाचे डबे, प्रत्येक खेपेत पावती, तारीख, वजन. 1998 साली हे प्रमाण ठरलं आणि अजून टिकून आहे. तुमच्या सीएच्या ऑफिसातली टॅलीसुद्धा बाहेरच्या प्रोग्रामशी एक्सएमएलमध्ये बोलू शकते.

बिलाची वेबसाईट पीएचपीत असली तर प्रोग्रामर ही फाईल अ‍ॅरेत बदलून घेतो. अ‍ॅरे म्हणजे कप्प्यांची मांडणी. लिहायला सोपं पडतं. केकपीएचपीसारख्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी आयतं फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं.

गोम इथंच आहे. एका शेतकऱ्याच्या पाच खेपा असल्या की अ‍ॅरेत पाच कप्प्यांची यादी तयार होते: शून्य, एक, दोन, तीन, चार. पण खेप एकच असली तर यादी होतच नाही! ती खेपच थेट तिथं येऊन बसते. कारण एक्सएमएलच्या डब्यावर 'ही यादी आहे' असं कुठं लिहिलेलं नसतं. फंक्शन बघतं, एकाच नावाचे दोन डबे आहेत का? असले तर यादी, नसले तर सुटा. फंक्शनचा यात दोष नाही, त्याला दुसरं काही कळायला मार्गच नाही.

आता बिलाचा प्रोग्राम यादी समजून एकेक कप्पा उघडतो. पाच खेपांवाल्याला बरोबर वजन मिळतं. एका खेपेवाल्याच्या बाबतीत तो पावती नंबरलाच खेप समजतो, मग तारखेला, मग वजनाच्या आकड्याला. त्या प्रत्येकाला विचारतो, तुझं वजन किती? उत्तर नाही. 'नसेल तर शून्य धर' असं लिहून ठेवलेलं असतं, म्हणून एररही येत नाही. बेरीज शून्य. आणि शून्य रकमेची बिलं छापायची नाहीत, हा नियम तर असतोच.

एका ठिकाणी हे प्रत्यक्ष बघितलं. नाव घेत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. आमच्या ओळखीचे एक तात्या, दहा गुंठे ऊस. एकरी चाळीस टन धरला तरी दहा टन, म्हणजे ट्रॅक्टरची एक खेप. तीन हेलपाटे घातले. खिडकीवर एकच उत्तर, "सिस्टिममध्ये दिसत नाही." तात्या म्हणाले, "आरं, काट्याची पावती हाय की माझ्या हातात!" ती फाईल पुढं माझ्याकडं बघायला आली. तात्या फाईलमध्ये होते, वजनासकट. अ‍ॅरेतही होते. फक्त यादीत नव्हते. त्याच फाईलमधले इतर एका खेपेवालेही तसेच गळलेले. दहा एकरवाला एकही गळला नव्हता.

दुरुस्ती म्हणाल तर एक ओळ. शून्य नंबरचा कप्पा आहे का बघायचं, नसेल तर त्या सुट्या खेपेला आधी यादीत घालायचं, मग पुढं. चहा गार व्हायच्या आत झालं.

पण ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणं पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. ज्याचं बिलच तयार झालं नाही, त्याचा उशीर कोण मोजणार? थकबाकीच्या यादीतही तो येत नाही. आणि दहा गुंठेवाला व्याजासाठी भांडायला जातोय कुठं, एसटीचं भाडंच त्याला परवडत नाही.

उलट दिशेलाही भानगडी आहेतच. अ‍ॅरेतून परत एक्सएमएल करताना डब्याचं नाव आकड्यानं सुरू करता येत नाही, म्हणून गट नंबरालाच डब्याचं नाव दिलं की फाईल अडते. ते बरं, निदान अडल्याचं कळतं. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं जातात ते वाईट. एक्सएमएलमध्ये ती शाबूत असतात, कुणीतरी हौसेनं त्या मजकुराचा आकडा करतो आणि शून्यं गायब. मग पैसे परत येतात आणि शेतकऱ्याला सांगतात, तुमचं खातं चुकीचं आहे.

डेमो दाखवताना नेहमी मोठ्या बागायतदाराचं खातं उघडतात. स्क्रीन भरलेली दिसते, सगळे माना डोलावतात. तेव्हा संचालक मंडळातल्या कुणीतरी एवढंच म्हणावं: एक खेपवाला दाखवा, आणि ज्याचा ऊस अजून तुटलाच नाही तोही दाखवा. शून्य खेपांचं खातं उघडल्यावर प्रोग्राम काय करतो, तेही बघण्यासारखं असतं. सप्टेंबरात सभा असतात, अहवाल वाचून झाला की हा प्रश्न कुणीही सभासद विचारू शकतो. त्यासाठी कॉम्प्युटर यावा लागत नाही.

आणि ज्यांचा ऊस एकाच खेपेत गेलाय, त्यांनी काट्याची पावती बिल हातात पडेपर्यंत जपून ठेवा. फोटो काढून ठेवला तर अजून चांगलं, पावतीची शाई उडू शकते.