उपवासाचं कारण

अंबाजोगाई

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या फलकावर ‘गरजू विद्यार्थ्यांनी मोफत जेवणासाठी नावं द्यावीत’ अशी सूचना लावलीस आणि एकही नाव आलं नाही, म्हणून तू खट्टू झाली आहेस. मुलांना गरज नाही, असा अर्थ त्यातून काढू नकोस. आपल्या बीड जिल्ह्यात तर मुळीच नको.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाची उचल काही फिटत नाही. शिकायला मागे राहिलेली धारूर-वडवणीकडची पोर भाड्याच्या खोलीवर असते. जेवलीस का विचार, ‘मॅडम, आज उपवास आहे’ म्हणेल. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी; उपवासावर आपल्याकडे कुणी शंका घेत नाही. खोलीतल्या दोघी मिळून एकच डबा लावतात आणि त्यातच रात्रीचंही भागवतात. खरं काय ते कळायला हवं असेल, तर खानावळवाल्या मावशींची वही बघ. गावाला न जाताही जिचे खाडे वाढत चाललेत, ती बिल वाचवते आहे.

अशी मुलगी सर्वांदेखत फलकाखाली नाव कशी लिहील? २६ जानेवारी २०२० ला सरकारची शिवभोजन थाळी सुरू झाली. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. योजना मोलाची, पण जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो ॲपवर घेतला जाई. सरकारला हिशेबासाठी तो लागत असेल, कॉलेजातल्या पोरीला मात्र तो डाचतो. देणगीदारांचं तर विचारूच नकोस. धान्याची पिशवी देतानाचा फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचलेला असतो. मला याची फार चीड येते.

पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवत आणि शिकत. त्याचं कौतुक खूप झालं, पण ते दार सगळ्या जातींच्या मुलांना उघडं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. सगळेच एका पंगतीत, सगळेच कामाला, त्यामुळे गरजू कोण हे ताटावरून ओळखू येत नसे.

तुलाही तेवढंच साधायचं आहे. फलक उतरव. कॉलेजजवळच्या दोन-तीन खानावळींशी बोल, पैसे परस्पर त्यांना दे आणि मुलीला इतरांसारखंच कार्ड मिळू दे. पैसे कुणी भरले, हे तुला आणि मावशींना ठाऊक असलं की पुरे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, तिचे अर्ज भरून घे. पण मंजुरी होऊन पैसे खात्यावर येईपर्यंत खानावळीचं बिल थांबत नाही, तेवढे महिने तुझ्या निधीतून चालव. प्राचार्य हिशेब मागतील, त्यांना आकडे दे, नावं देऊ नकोस. फोटोचा आग्रह धरणाऱ्याची देणगी घेऊच नकोस.

हे सगळं टोळ्या निघायच्या आत उभं कर. पहिल्या महिन्याचे पैसे मी पाठवते.

तुझी,
आत्या