तेलात बुडालेली सात मळसूत्रं

सात शिखरं! पडद्यावर आलेख उमटला आणि मला खुर्चीत बसवेना. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका जांभळ्या सूक्ष्मजीवाचं प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. त्याची २४८ अमिनो आम्लांची साखळी मी संगणकात भरली होती. चित्र नाही, रचना नाही, नुसती अक्षरांची ओळ. काइट आणि डूलिटल यांनी १९८२ मध्ये प्रत्येक आम्लाला पाण्याचं किती वावडं आहे याचे गुण लावून दिले: आयसोल्युसिनला अधिक ४.५, आर्जिनिनला उणे ४.५. शेजारच्या एकोणीस आम्लांची सरासरी काढत पुढे सरकायचं, बस्स. जिथे शिखर, तिथे पाणी टाळणारा, म्हणजे पटलाच्या तेलात बुडणारा तुकडा. एवढ्यावरून कळतं की हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार जातं! हेंडरसन आणि अनविन यांना १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसलेले सात दंड ते हेच: प्रत्येक दंड म्हणजे मळसूत्रासारखा पीळ घेतलेला साखळीचा तुकडा.

आणि हिशेब कसा जुळतो बघा. पटलाचा तेलकट गाभा साधारण ३ नॅनोमीटर जाड. मळसूत्रात एकेक आम्ल ०.१५ नॅनोमीटर पुढे सरकतं, म्हणजे पार व्हायला वीसेक आम्लं लागतात. बरं, मळसूत्रच का? साखळीच्या कण्यालाही हायड्रोजन बंध हवे असतात. तेलात पाणी नाही, मग पीळ घेऊन तो ते स्वतःशीच जोडतो. बाहेरच्या अंगाला ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलॅनिन तेलाला लगटून बसतात. तेल संपून पाणी लागतं त्या काठावर ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन सापडतात.

पण मला वेड लावलं ते नियम मोडणाऱ्यांनी. या तेलात विद्युतभार वागवणारी आम्लं काय करताहेत? सगळं काम तीच तर करतात! २१६ क्रमांकाच्या लायसिनने रेटिनल नावाचा प्रकाश शोषणारा रेणू धरून ठेवलाय. त्यावर प्रकाश पडला की रेटिनलचा आकार बदलतो, तिथला प्रोटॉन ८५ व्या ॲस्पार्टिक आम्लाकडे जातो आणि रिकामी जागा ९६ वं ॲस्पार्टिक आम्ल भरून काढतं. प्रोटॉन पेशीबाहेर! हे प्रथिन म्हणजे प्रोटॉनचा पंपच. हरगोविंद खुराणांच्या गटाने ८५ व्या जागी ॲस्पॅराजिन बसवून पाहिलं. फरक केवढा, तर ऑक्सिजनच्या जागी एक नायट्रोजन. पंप बंद पडला.

प्रोटीन डेटा बँकेत ही रचना कुणालाही फुकट मिळते. आजच उघडा, पाणी टाळणारी आम्लं एका रंगात रंगवा, आणि मग ८५, ९६ आणि २१६ शोधा.