चाबी की किल्ली?

शाळेच्या वार्तापत्रासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आम्हा दोघी बहिणींना एकच प्रसंग आठवला. तो सांगायला अजूनही संकोच वाटतो, म्हणूनच सांगतो.

1984 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही इंदूरहून पुण्याला मावशीकडे गेलो होतो. एक सातवी पास झालेली, दुसरी पाचवी. पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं, "मावशी, आलमारीची चाबी कुठे आहे?" मावसभावंडं खो खो हसली. "काय करून राहिलीस?" हे तर आमच्या घरातलं रोजचं वाक्य. त्याची नक्कल महिनाभर चालली. आम्ही मनाशी ठरवलं, आता असं बोलायचं नाही. बघता बघता चाबीची किल्ली झाली, आलमारीचं कपाट झालं, छताची गच्ची झाली. बोलण्याचा हेलही उचलला. इंदूरला परतलो ते जणू सदाशिव पेठेतच जन्मलो होतो!

इथवर काही बिघडलं नव्हतं. चार नवे शब्द आले, ते बरंच झालं. बिघडलं ते पुढे.

दिवाळीत मावशीकडची मंडळी आमच्याकडे आली. आजी हौसेनं गराडू तळून वाढत होती. मावसभावाला म्हणाली, "अजून घे ना, लाजून काय राहिलास?" आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "आजी, 'लाजून राहिलास' नाही, 'लाजतोस'!" सगळे हसले. आजीही हसली. मग चाबीवरून आम्ही तिला आणखी एकदा टोकलं.

दुसऱ्या दिवसापासून आजी बाहेरच्या खोलीत येईनाशी झाली. मावशीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "पाय दुखून..." आणि मध्येच थांबली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "पाय दुखतात."

ते थांबणं आम्ही आजही विसरलेलो नाही.

पाहुणे गेल्यावर बाबा रागावले नाहीत. त्यांनी टेपरेकॉर्डरवर कुमार गंधर्वांची कॅसेट लावली आणि आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, "हे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मातृभाषा कानडी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तशाच गायचे. लोक थक्क व्हायचे. नक्कल करूनच नाव मिळवायचं असतं तर ते त्यांना दहाव्या वर्षीच मिळालं होतं."

पुढची हकिगत आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मुंबईत देवधर मास्तरांकडे त्यांचं शिक्षण झालं. क्षयाचा आजार झाला म्हणून 1948 मध्ये ते हवापालटासाठी आपल्या शेजारच्या देवासला आले. जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानावर पडत होती. ज्या गाण्यांकडे शास्त्रीय गवई सहसा वळून पाहत नसत, त्यांत त्यांना रागांची बीजं दिसली. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा पूर्वीचा दमसास राहिला नव्हता. तरी त्यांनी दुसऱ्या कुणाचा आवाज उसना आणला नाही. आपल्या श्वासाला झेपेल अशी गायकी घडवली. लोकधुनांमधून मालवतीसारखे नवे राग उभे केले. टीका झाली, पण ते बदलले नाहीत. 1990 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते.

कॅसेट संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पुण्याची मराठी शिका, जरूर शिका. पण आजीची पुसून नव्हे."

आम्ही आजीच्या पाया पडलो. ती म्हणाली, "अगं, तुमचंच बरोबर असेल. मी तर याच बोलण्यात पन्नास वर्षं संसार केला." आमच्याशी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली. पाहुण्यांसमोर मात्र शेवटपर्यंत मोजकंच बोलली. तेवढं आम्हाला परत आणता आलं नाही.

विद्यार्थी मित्रांनो, होळकरांच्या काळापासून आपली माणसं माळव्यात नांदत आहेत. अडीचशेहून अधिक वर्षं शेजाऱ्यांशी बोलता बोलता आपली मराठी अशी झाली. परीक्षेत शुद्ध लिहा, व्याकरणाचा अभ्यास करा, त्यात कसूर नको. पण चारचौघांत शोभून दिसावं म्हणून घरच्या माणसांची लाज वाटू लागली, तर आपण काहीतरी मोलाचं देऊन फार स्वस्तातलं घेतलं असं समजा.

आज आमची मुलं याच शाळेत शिकतात. परवा पुण्याच्या पाहुण्यांसमोर धाकटी म्हणाली, "आई, चाबी सापडून नाही राहिली." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि म्हटलं, "थांब, आम्हीही शोधून राहिलो."