कोळंबी आणि टोफू

आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या. समुद्रातले जवळजवळ सगळेच आमच्या दस्तरखानावर चालते. दोन वर्षांपूर्वी घरात सून आली ती सोलापूरची, हनफी घराण्यातली. कोळंबी मासळीत मोडते की नाही, यावर हनफी उलेमांत मतभेद आहेत. तिच्या माहेरी ती खात नाहीत. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघे नवरा-बायको हसत हसत बोलून गेलो, "कोळंबी खात नाही, ती कोकणात नांदणार कशी?" ती गप्प राहिली. पण त्यानंतर घरात कोळंबी शिजली की तिला भूक नसायची. मागाहून एकटीच वरणभात खायची. आपण काय बोललो ते आम्हाला कळायला सहा महिने लागले.

मुलगा जहाजावर नोकरीला. एकदा बँकॉकहून येताना त्याने तांदळाच्या चपट्या शेवया आणि माशाच्या अर्काची, हलालचा शिक्का असलेली बाटली आणली. 'पॅड थाई' करू या म्हणाला. शेवया मूळच्या चिनी वळणाच्या. पण 1939 साली सयामचे थायलंड झाले आणि त्या सुमारास फिबुनसोंगक्रामच्या सरकारने हा पदार्थ देशभर रुजवला. आज तो थाई म्हणूनच ओळखला जातो.

सामान मांडले तेव्हा वाटले, हे तर आमचेच फडताळ! चिंचेचा कोळ, ताडगूळ, भाजलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग, सुके सोडे. माशाचा अर्क म्हणजे मांदेलीच्या जातकुळीतली बारीक मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेले पाणी. शेवया पाहून आमच्या शिरवाळ्यांची आठवण झाली. नवा होता तो फक्त टोफू, सोयाबीनच्या दुधाचे पनीर म्हणा ना.

पहिल्या खेपेस शेवया उकळत्या पाण्यात घातल्या आणि त्यांचा लगदा झाला. त्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, वाकतील पण तुटणार नाहीत इतपतच. उरलेले शिजणे कढईत, चिंच-गुळाच्या रसात. आच मोठी हवी, आणि एका वेळी एक-दोन ताटांपुरतेच करायचे. जास्त घातले की शेवया एकमेकींना चिकटतात.

ही शेवटची अट आमच्या कामी आली. कढई वेगवेगळ्या खेपांनीच चढणार होती, तेव्हा पहिली खेप सुनेची ठरवली. कोरी कढई, कोरा उलथना. टोफू खरपूस तळला, लसूण, शेवया, रस, बाजूला सारून एक अंडे, शेवटी मूग आणि लसणीची पात. सोडे नाहीत, कोळंबी नाही. माशाचा अर्क तिला चालतो, तो मात्र घातला. वरून शेंगदाण्याचा भरड कूट आणि लिंबू. तिचे ताट आधी वाढले आणि त्या दिवसाच्या बोलण्याची माफी मागितली.

ती म्हणाली, "अम्मी, शेवया गार होतील. तुम्ही बसा, तुमची खेप मी करते."

कोळंबी तिनेच सोलली, मधला काळा दोराही काढला. चव पाहिली नाही. मीठ विचारून घातले. ते किंचित जास्त झाले होते. आम्ही ताट पुसून खाल्ले.

आता कोळंबी असली तरी तिला भूक लागते. टोफू आमच्या फ्रिजमध्ये असतोच.