त्रिंगलवाडीचे ऋषभदेव

विक्रोळीहून लोकलने ठाणे, तेथून कसारा आणि घाट चढून इगतपुरी. शनिवारी निघालेली मंडळी दुपारीच त्रिंगलवाडीच्या तलावाकाठी पोहोचतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून तंबूत मुक्काम करावा. शेकोटी टाळावी, ज्योतीवर झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांची विराधना नको. पहाटे किल्ल्याच्या पायथ्याशी कोरीव जैन लेणे लागते. गर्भगृहात भगवान ऋषभदेवांची भग्न प्रतिमा असून आसनावर शके १२६६, म्हणजे इ. स. १३४४ चा लेख आहे. गडाच्या ओढीने अनेक पावले येथे थांबतही नाहीत. खंडित प्रतिमेची पूजा होत नसली, तरी तिची जपणूक हे श्रावकाचे कर्तव्यच आहे. क्षणभर भाववंदना करावी, लेण्यातील कचरा उचलावा आणि मगच कातळातल्या पायऱ्या चढाव्यात.